घरी वाकवलेला गुडघा

‘ग्रेड फोर,’ डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

उजव्या गुडघ्याचा एक्स-रे होता. वरच्या आणि खालच्या हाडामध्ये जी फट दिसायला हवी ती नव्हतीच. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातली गादी झिजून हाडावर हाड घासणं, आणि ही त्याची शेवटची पायरी. आमच्या ह्यांना दुःख नंतर झालं, आधी ‘फोर’चा राग आला. एका सरकारी कारखान्यात हे टाइम ऑफिसचे सुपरिंटेंडंट होते, सगळ्यांची हजेरी ह्यांच्या ताब्यात. ग्रेड फोर म्हणजे ह्यांच्या लेखी हमाल. ‘परत एकदा बघा की,’ ते डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी परत एकदा बघितलं.

हे मी गुडघे बदलायला निघालेल्यांसाठी लिहितेय, आणि त्याहून जास्त त्यांच्या बायकांसाठी. ऑपरेशनची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मी जे सांगणार आहे ते सहसा कुणी सांगत नाही, कारण ते सांगायला लाज वाटते. मलाही वाटली.

ऑपरेशनचं नाव टोटल नी रिप्लेसमेंट. झिजलेली टोकं कापून तिथे धातूचा आणि प्लॅस्टिकचा सांधा बसवतात. आमची मुलगी स्मिता शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला राहते, नोकरी करते. तिने चार इस्पितळांत चौकशी करून एकीकडे ‘बंडल पॅकेज’ घेतलं. म्हणजे एका गुडघ्याचे एकदाच पैसे भरायचे आणि त्यात सगळं आलं: ऑपरेशन, सांधा, इस्पितळातल्या तीन रात्री, मग त्यांच्याच रिकव्हरी सेंटरमध्ये दहा रात्री, आणि घरी आल्यावर पाच वेळा येणारा फिजिओथेरपिस्ट. बेचाळिसाव्या दिवशी शेवटची तपासणी, की पॅकेज बंद. दिव्या नावाची एक चुणचुणीत मुलगी हे सगळं समजावून सांगायला होती. ती म्हणाली, ‘अंकल, ही एक साखळी आहे. मध्येच सोडलंत तर पुढचं सगळं रद्द होतं. परत सुरू करता येत नाही.’ ह्यांनी मान डोलावली. दुसऱ्याने घालून दिलेले नियम मान डोलावून ऐकायचे आणि घरी येऊन त्यांची टर उडवायची, ही ह्यांची जुनी रीत.

ऑपरेशनबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मी तीन तास एका खुर्चीत बसून होते आणि समोरच्या टीव्हीवर आवाज बंद करून स्वयंपाकाचा कार्यक्रम चालला होता. नंतर भूलतज्ज्ञ बाई बाहेर आल्या. मध्येच ह्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले होते, पण सावरलं, असं म्हणाल्या. ‘आता सहा महिने तरी यांना पुन्हा भूल द्यायला नको.’ तेव्हा त्या वाक्याचं महत्त्व मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी हे वॉकर धरून दाराशी जाऊन आले. मला वाटलं, झालं, सुटलो.

खरी परीक्षा रिकव्हरी सेंटरमध्ये सुरू झाली. तिथला फिजिओ मंजुनाथ. त्याने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन फ्लेक्शन म्हणजे काय ते सांगितलं. फ्लेक्शन म्हणजे गुडघा किती वाकतो त्याचा कोन. पाय सरळ असला की शून्य, खुर्चीत नीट बसलं की नव्वद. जिना उतरायला, कमोडवरून उठायला नव्वदच्या पुढे लागतं. ऑपरेशननंतर आत स्कार टिश्यू धरायला लागतो, म्हणजे जखम भरताना तयार होणारं चिवट मांस. सांधा रोज वाकवला नाही तर ते मांस त्याला आवळून टाकतं. ‘सहा आठवडे, आंटी,’ मंजुनाथ म्हणाला. ‘तोवर नव्वद व्हायलाच हवेत. नाही झाले तर भूल देऊन जोराने वाकवावा लागतो.’ त्याला मॅनिप्युलेशन अंडर अॅनेस्थेशिया म्हणतात. आणि ह्यांना सहा महिने भूल द्यायची नव्हती. सहा महिन्यांनी ते मांस दगड झालेलं असणार. थोडक्यात, सहा आठवड्यांत नव्वद, नाहीतर जन्मभर काठीसारखा पाय.

सेंटरमध्ये एक मोठी खोली होती. तिथे सकाळ-संध्याकाळ सहा रुग्ण ओळीने खुर्च्यांवर बसायचे आणि कन्नडमध्ये मोठ्याने आकडे म्हणत पाय मागे ओढायचे. ओंदु, एरडु, मूरु. प्रत्येकाचा कोन भिंतीवरच्या पाटीवर लिहिला जायचा. बायका रडायच्या, पुरुष कण्हायचे, आणि मंजुनाथ एकेकाच्या नडगीवर हात ठेवून तिला मागे दाबत पुढे सरकायचा. कुणाला कुणाची लाज नव्हती.

आमच्या ह्यांना होती, कारण शेजारच्या खुर्चीत सिद्दप्पा होता.

सिद्दप्पा ह्यांच्याच कारखान्यातला. पंचवीस वर्षं त्याने माल वाहिला आणि पंचवीस वर्षं ह्यांनी त्याची हजेरी मांडली. यायला पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस गैरहजर, असा ह्यांचा शिरस्ता. त्यात त्याचे किती दिवस गेले ते त्यालाच ठाऊक. त्याचा मुलगा आता मोठ्या पगारावर होता आणि त्याने बापाला हेच पॅकेज घेऊन दिलं होतं. ह्यांना बघताच सिद्दप्पाने दोन्ही हात जोडले. ‘सार, नीवू इल्ली?’ म्हणाला, साहेब, तुम्ही इथं? त्याच्या तोंडावर खरोखर आनंद होता.

पाटीवर सिद्दप्पा शहाण्णव, ह्यांचे अठ्ठावन्न.

तिसऱ्या दिवशी मंजुनाथने ह्यांचा पाय दाबला आणि हे ‘आई गं’ म्हणून ओरडले. नुसते ओरडले नाहीत, रडले. सिद्दप्पाने वाकून ह्यांच्या हातावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाला, ‘पाचच मिनिटं, सार. स्वल्प सहन करा. पाच मिनिटांनी कोण मरतंय?’

तो टोमणा होता की माया होती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुपारी दिव्याला बोलावून ह्यांनी सांगितलं की इथलं सांबार गोड असतं, आपल्याला सोसत नाही, आपण घरी जातो. तिने दोनदा समजावलं, मंजुनाथने हात जोडले, स्मिता फोनवर ओरडली. मी मात्र काही बोलले नाही. ह्यांच्या निर्णयात बोलायचं नसतं हे माझ्या अंगवळणी पडलेलं. ह्यांनी ‘स्वतःच्या इच्छेने जात आहे’ असं लिहून सही केली. सात रात्री गेल्या, घरी येणारा फिजिओ गेला. आम्ही निघताना दिव्याने आपणहून मला व्यायामाचा व्हिडिओ पाठवला आणि दहा मिनिटांत दाबायचं कसं ते दाखवलं. म्हणाली, ‘रोज फोटो पाठवा आंटी, कोन मी कळवते.’

अशी मी येलहंक्यातल्या माझ्याच घरात, सदुसष्टाव्या वर्षी, फिजिओथेरपिस्ट झाले.

पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वेदनेची गोळी द्यायची. पाऊण तास थांबायचं. मग ह्यांना खुर्चीत बसवायचं, आपण समोर पाटावर बसायचं, नडगीवर दोन्ही हात ठेवून टाच खुर्चीखाली ढकलायची आणि तिथे तीस आकडे धरून ठेवायची. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. टाच कुठवर गेली ते मी फरशीवर खडूने आखायची.

पहिला आठवडा मी त्यांच्याबरोबर रडले. वीस झाले की सोडून द्यायची. आमच्या डोक्यावरून हवाई दलाची विमानं जातात, सराव असला की घर हादरतं. विमान आलं की हे ओरडून घ्यायचे, म्हणजे शेजारी ऐकू जायला नको. एरवी ओठ आवळून बसायचे. कोन साठ, बासष्ट, परत साठ. आणि व्यायाम संपला की मला बोल लावायचे. ‘तुला एवढं साधं जमत नाही. नुसतं धरून तर बसायचं. आयुष्यभर तुझं असंच, धड काही नाही.’

नवव्या की दहाव्या दिवशी हे असंच बोलत असताना टाच माझ्या हातात होती. मी दाबली. ठरवून नव्हे, हात आपोआप गेले. हे वाक्याच्या मध्येच गप्प झाले. मग बारीक आवाजात म्हणाले, ‘प्लीज.’

एकेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला प्लीज म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी वीसला सोडणं बंद केलं. तीस म्हणजे पुरे तीस मोजायला लागले, आणि मोजणं सावकाश होत गेलं. पंचवीसनंतर मी जरा थांबायची, पदर सारखा करायची, मग सव्वीस. हे डोळे मिटून माझ्या तोंडून पुढचा आकडा यायची वाट बघायचे. मला ते आवडायला लागलं. सकाळी उठल्यावर मला हुरूप यायचा. भाजी चिरताना लक्ष घड्याळाकडे असायचं. कोन अडुसष्ट झाला, सत्तर झाला, एक्काहत्तरवर अडला.

तिसऱ्या आठवड्यात स्मिताचा फोन आला. तिने येलहंक्यातलीच एक चांगली फिजिओ शोधली होती, बाई होती, घरी येणार होती. ‘आई, तू दमली असशील. उद्यापासून पाठवू?’ मी म्हटलं, ‘नको. घरात परकं माणूस कशाला? मी करतेय की.’ ती म्हणाली, ‘आई, तू खरंच ग्रेट आहेस.’ मी फोन ठेवला. परक्या माणसाचा प्रश्नच नव्हता. मला ती खुर्चीसमोरची जागा सोडायची नव्हती.

आता जे लिहिते ते मी तीनदा लिहून तीनदा खोडलं आहे.

माझे वडील निपाणीला असायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा स्मिता शाळेत होती आणि ह्यांच्या ऑफिसात ऑडिट होतं. सोमवारी भावाचा निरोप आला, लगेच ये. हे म्हणाले, ‘रविवारी जा. आठवडाभर माझ्या डब्याचं कोण बघणार?’ मी रविवारची वाट बघत डबे भरले. आप्पा शुक्रवारी गेले. भाऊ सांगत होता, शेवटचे दोन दिवस त्यांना बोलता येत नव्हतं, पण दार वाजलं की मान वळवायचे. ह्या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेली. मी ह्यांना त्याबद्दल एक अक्षर कधी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती, हे उठून निघून जायचे.

स्मिताच्या फोननंतर दोन दिवसांनी, टाच माझ्या हातात असताना, हे उठून जाऊ शकत नव्हते.

त्या दिवशी मी गोळीही दिली नव्हती. विसरले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. गोळी माझ्या ओट्यावर होती, शेजारी पाण्याचा पेला भरून ठेवलेला होता, आणि मी तो पेला तुळशीला ओतला.

टाच खुर्चीखाली गेली. मी अकरापर्यंत मोजलं आणि थांबले. म्हटलं, ‘आप्पा आजारी होते तेव्हा मला सोमवारी का नाही सोडलंत?’

‘काय?’

‘माझे वडील. निपाणीहून निरोप आला होता. का नाही सोडलंत?’

‘अगं कधीचं काय काढायलीस? सोड आधी. फार दुखतंय आज.’

‘सांगा, मग सोडते.’

‘मला आठवत नाही.’

मी दाबलं. ह्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, घाम कपाळावरून नाकावर आला. ‘देवाशप्पथ नाही आठवत गं,’ हे म्हणाले. ‘मी असं काही केलं होतं?’

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. खोटं बोलण्याइतकं त्राण त्या चेहऱ्यात नव्हतं. हे खरोखर विसरले होते. पंचवीस वर्षांपूर्वी कोण कधी उशिरा आलं ते ह्यांना पाठ होतं, आणि हे नव्हतं. मी तीस वर्षं जे उरात घेऊन वावरत होते त्याची ह्यांच्याकडे साधी नोंदही नव्हती. मला वाटलं होतं की हे निदान कारण देतील, चुकलो म्हणतील, नाहीतर चिडतील. मला काहीच मिळालं नाही. मी उरलेले आकडे मोजलेच नाहीत, नुसती दाबत राहिले.

गुडघ्यातून आवाज आला. जाड कापड फाटल्यासारखा.

हे ओरडले तेव्हा वर विमान नव्हतं. शेजारची अक्का धावत आली, दारातून ‘एनायतु, एनायतु?’ विचारू लागली, काय झालं म्हणून. मी तिला सांगितलं, ‘काही नाही, व्यायाम चाललाय.’ माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. मी मोडलं काहीतरी, असं मनाने घेतलं. दिवसभर बर्फ लावत बसले. गुडघा सुजून टम्म झाला होता. हे माझ्याशी बोलत नव्हते आणि मी कुणालाच काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी सूज उतरली. भीत भीत पाय वाकवला, फोटो पाठवला. दिव्याचा उलट निरोप आला: नाइन्टी फोर! सुपर, आंटी! पुढे तीन टाळ्यांची चित्रं होती.

त्यानंतर मी गोळी वेळेवर दिली, मोजणी सरळ ठेवली. बेचाळिसाव्या दिवशी वेगळे पैसे भरून तपासणीला गेलो; डॉक्टरांनी कोन मोजला, एकशे चार. त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. ‘सेंटर सोडून गेलेल्या पेशंटचा एवढा चांगला रिझल्ट मी बघितला नाही. फिजिओ कोण तुमचा?’ हे हसले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘ही. चोवीस तास सेवा केली हिने.’ डॉक्टर दिव्याला म्हणाले, ‘पॅकेजमध्ये या आंटींनाच घालायला पाहिजे.’ सगळे हसले. मग डॉक्टरांनी डावा गुडघा दाबून बघितला. तोही त्याच वाटेवर होता, सात-आठ महिन्यांत करावा लागेल म्हणाले. हे उत्साहाने म्हणाले, ‘करूया की. आणि सेंटरबिंटर काही नको. घरीच करू. हिला जमतं.’

‘जमतं म्हणूनच नको,’ मी म्हटलं.

आणि मग सगळं सांगितलं. गोळी मुद्दाम दिली नाही हे सांगितलं. ते सोड म्हणत असताना सोडलं नाही, आवाज आला, आणि मी शेजारणीला व्यायाम म्हणून सांगितलं, हेही सांगितलं. वडिलांचं सांगितलं नाही, ते डॉक्टरांचं काम नव्हतं. दिव्याने खाली बघितलं. डॉक्टरांच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी तिथल्या तिथे एक्स-रे काढायला पाठवलं. सगळं जागेवर होतं. ‘आतले चिकटलेले मांसाचे पापुद्रे सुटले, म्हणून आवाज आला,’ ते म्हणाले. ‘तुमचं नशीब. वाटीखालचा टेंडन तुटला असता, म्हणजे हाडाला बांधणारी दोरी, तर हे परत चालले नसते.’ वाचणाऱ्या बायांनो, हे वाक्य नीट वाचा. माझा गुण त्यात काही नाही, चार बोटांच्या फरकाने मी वाचले.

घरी येताना हे टॅक्सीत खिडकीशी बसले. हेब्बाळच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा म्हणाले, ‘गोळी खरंच नव्हती दिली?’

‘नाही.’

ह्यांनी उजवा पाय सीटखाली मागे ओढून बघितला. मग म्हणाले, ‘पण वाकला ना.’ मला रडू आलं आणि संतापही आला. ह्या माणसाबरोबर मी म्हातारी झाले, हे इतकं स्पष्ट मला आधी कधी दिसलं नव्हतं.

आठ महिन्यांनी डावा गुडघा झाला. भूल सुरळीत पार पडली. तेच पॅकेज, आणि या वेळी दहाच्या दहा रात्री सेंटरमध्ये काढायच्या ही अट मी घातली. आता मी तिथूनच लिहितेय. इथे एक नवी फिजिओ आहे, केरळची पोर, नाव अनू. तिला कन्नड येत नाही, मराठी तर नाहीच. ती दिवसातून बारा जणांना दुखवते आणि त्यांतल्या एकावरही तिचा राग नाही. दर वेळी बरोबर तीस मोजते. तिच्या त्या तीस आकड्यांचे मी मनापासून आभार मानते. तुमच्या माणसाचा गुडघा अशाच हातांत द्या, ज्यांना तो माणूस ठाऊक नाही.

काल चौथा दिवस होता. अनू ह्यांचा पाय दाबत होती, मी दारात उभी होते. हे कळवळून ओरडले आणि माझे दोन्ही हात पदराखाली आपोआप पुढे झाले. मी ते मागे बांधून उभी राहिले.

ती गेल्यावर ह्यांनी डोळे पुसले. म्हणाले, ‘ही पोरगी फार दुखवते. इथलं जेवणही काही खरं नाही. उद्या घरी जाऊया का?’

मी म्हटलं, ‘चला की. घरी मी आहेच.’

ह्यांनी पांघरूण गुडघ्यावर ओढून घेतलं. मग बेल दाबून त्यांनी नर्सला विचारलं की फिजिओ संध्याकाळी किती वाजता येते.